महाड-पोलादपूरला येताय? आधी मौसम विचारा, मग मालाचा भाव

जून महिना लागला की आमच्या दुकानात फोन सुरू होतात. भिवंडीचा व्यापारी विचारतो, "शेठ, हिशेबाला कधी येऊ?" मालेगावचा साडीवाला म्हणतो, "नवा माल दाखवायला मुलाला पाठवतो, रस्ता कसा आहे?" मुंबईचे नातेवाईक विचारतात, "मुले रायगड बघायचा म्हणून मागे लागली आहेत, या रविवारी निघू का?" आणि आम्ही महाडचे व्यापारी सगळ्यांना एकच ठरलेले उत्तर देतो, "या हो, रस्ता चालू आहे."

हे उत्तर खोटे नसते, पण ते पुरेही नसते. सकाळी चालू असलेला रस्ता दुपारी बंद होतो, आणि बंद झाला की माणूस घाटात कुठे अडकेल ते सांगता येत नाही. हे आम्हाला ठाऊक असते. तरी आम्ही "या" म्हणतो, कारण गिऱ्हाईक परत जाईल, माल दुसरीकडून उचलला जाईल, उधारी लांबेल अशी धास्ती असते. तराजूत कमी तोलणे गुनाह आहे हे आपल्यापैकी प्रत्येक जण जाणतो. पण माहितीचेही वजन असते, आणि ते कमी तोलले तर कधी कधी माणसाचा जीव जातो, हे आपण ध्यानात घेत नाही. आज या पानावर आम्ही त्याबद्दलच लिहिणार आहोत. महाड-पोलादपूरला कोणत्या मौसमात यावे, कसे यावे, काय घेऊन यावे, आणि कधी मुळीच येऊ नये, हे आमच्या तजुर्ब्यावरून सांगणार आहोत.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे आम्ही तीन मौसम पाठ केले होते. गर्मी, बरसात आणि जाडा. पुढे दुकानात बसायला लागलो तेव्हा बाजाराने आम्हाला पाच शिकवले. आगोट, भर पाऊस, गणपती ते दिवाळी, थंडी आणि ऊन. या पाचही मौसमांत आमचा रस्ता वेगळा, धंदा वेगळा आणि धोकाही वेगळा असतो.

पाणी येते कुठून

महाड सावित्रीच्या काठावर वसले आहे. सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. ती पोलादपूरवरून खाली येते. काळ आणि गांधारी या नद्या तिला मिळतात, आणि ती पुढे दासगावकडून बाणकोटच्या खाडीला जाते. शहर सखल जागेत आहे आणि तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. म्हणून आमच्याकडे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला समजत नाही. महाडला ऊन पडलेले असते आणि तरी पूर येतो. पाऊस पडतो महाबळेश्वरला, आणि काही तासांनी पाणी चढते आमच्या बाजारात. त्याच वेळी समुद्राला उधाण असेल तर खाडीचे पाणी वर रेटते, नदीला उतरायला वाट मिळत नाही आणि ती गल्लीत शिरते.

चांदाच्या तारखा पाहण्याची सवय आपल्याला आहेच. तिचा इथे उपयोग करावा. चांद नवा असताना पहिले दोन-तीन दिवस, आणि चौदा ते सतरा या तारखांना समुद्राला उधाण असते. मधल्या सात-आठ आणि एकवीस-बावीस तारखांना भांग असते, म्हणजे भरती कमी चढते. पावसाळ्यात महाडला यायचे असेल तर आधी महाबळेश्वरचा पाऊस विचारावा, मग चांदाची तारीख पाहावी. महाबळेश्वरला मुसळधार आणि चांद पंधरा असेल तर आपला गठ्ठा घरीच राहू द्यावा.

२२ जुलै २०२१ रोजी हेच झाले. बकरी ईदचा दुसरा दिवस होता, पौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, उधाण चढते होते. त्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले ते सर्वांनी पाहिले आहे. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या.

आमच्या दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे. त्या वर्षी जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या आणि बाजारात पाणी होते. तेव्हापासून पावसाळा आला की आम्ही तागे त्या खुणेच्या वर ठेवत असू आणि निश्चिंत झोपत असू. २०२१ चे पाणी त्या खुणेच्याही वर गेले. माळ्यावरचा माल भिजला. ईदसाठी आणलेले, विक्री न झालेले कापड आम्ही पुढे आठ दिवस चिखलातून काढत होतो. जुनी खूण म्हणजे हमी नव्हे, हा धडा आम्हाला महागात पडला. "गेल्या साली याच दिवसांत आलो होतो, काही झाले नाही" असे म्हणणाऱ्या पाहुण्यांनीही तो लक्षात ठेवावा.

आगोट : खरेदीचा खरा काळ

पंधरा मे ते दहा जून हा आमच्याकडे आगोटीचा काळ. पावसाळ्याची बेगमी म्हणजे मीठ, मिरची, सुकी मासळी, कांदे, प्लॅस्टिक, छत्री, घोंगडी ही सर्व खरेदी या दिवसांत होते. शाळेच्या गणवेशाचे कापडही याच वेळी जाते. ज्या घाऊक व्यापाऱ्यांना आमच्याकडे माल द्यायचा आहे, त्यांनी तो मेच्या पंधरवड्यापर्यंत पोहोचवावा. दहा जूननंतर आलेला गठ्ठा आम्ही ठेवायचा कुठे, हाच पहिला प्रश्न असतो.

या दिवसांत दुपारनंतर वळवाचा पाऊस येतो. तो अर्धा तासच पडतो, पण उघड्या टेंपोतला माल नासवायला तेवढा पुरतो. ताडपत्री बांधूनच निघावे. वीज कडाडत असेल तर झाडाखाली गाडी लावू नये.

भर पाऊस : काम नसेल तर येऊ नये

पंधरा जून ते ऑगस्ट अखेर आमच्या भागात खरा पावसाळा. या दोन्ही तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक याच अडीच महिन्यांत. धबधबे बघायला मुंबई-पुण्याची मंडळी येतात. त्यांना आमचे सांगणे सरळ आहे. हिरवा डोंगर दुरून बघावा, त्याच्या पोटात शिरू नये.

वाटांचे म्हणाल तर मुंबईहून पनवेल, पेण, कोलाड, माणगाव, महाड हा महामार्ग त्यातल्या त्यात भरवशाचा. माणगावच्या बाजारात गाड्या तुंबतात, तेवढा वेळ धरून निघावे. पुण्याहून भोरमार्गे येणारा वरंध घाट बहुतेक पावसाळ्यांत प्रशासन बंद ठेवते. कधी अवजड गाड्यांना, कधी सर्वांनाच. पुण्याच्या मंडळींनी ताम्हिणीने माणगावला उतरावे, पण तोही घाटच आहे, दिवसाउजेडीच उतरावा. वाई-साताऱ्याहून महाबळेश्वरवरून पोलादपूरला येणारा आंबेनळी घाट सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. २०२१ च्या जुलैमध्ये त्याचे तुकडे पडले होते. रत्नागिरी-खेडकडून येणाऱ्यांना कशेडी घाट लागतो. तिथे आता बोगदा झाला आहे, २०२३ च्या गणपतीपासून तो वापरात येऊ लागला, त्यामुळे वळणांचा त्रास वाचतो. पोलादपूर ते महाड हे अंतर वीस किलोमीटरच्या आत आहे.

आंबेनळीचे नाव काढले की आम्हाला २८ जुलै २०१८ आठवते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी पावसाळी सहलीला महाबळेश्वरकडे निघाले होते. पोलादपूरच्या पुढे त्यांची बस दरीत गेली. एकच जण वाचला. ही माणसे कोकणातलीच होती, पावसाला नवखी नव्हती. मग परगावच्या मुसाफिराने किती जपायला हवे?

आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. अमावस्या होती. महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. पुढे रस्ता नाही हे चालकाला दिसलेच नाही. काही मयत कित्येक किलोमीटर खाली खाडीच्या बाजूला सापडले. पुढच्या पावसाच्या तोंडावर, जून २०१७ मध्ये, नवा पूल सुरू झाला. त्यावरून आज गाड्या बिनघोर जातात. पूल नवा झाला, पण रात्रीच्या पावसाचा अंधार जुनाच आहे. म्हणून आमचा पहिला नियम असा की जुलै-ऑगस्टमध्ये मगरिबनंतर घाट आणि नदी ओलांडू नये. महाडात किंवा पोलादपुरात मुक्काम करावा. लॉजचे भाडे वाचवण्यासाठी रात्रीचा घाट चढणे ही काटकसर नव्हे.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी वीर स्थानक महाडला जवळचे. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला. वीरला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून काही जण माणगावला उतरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश चालतात. ते पाहूनच तिकीट काढावे, आणि उतरल्यावर पुढची एस.टी. किंवा रिक्षा मिळेल अशी वेळ निवडावी.

रायगड किल्ला महाडपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. पायऱ्यांनी चढायचे तर दोन-अडीच तास जातात. १९९६ पासून रोपवे आहे, पण वारा-पाऊस वाढला की तोही थांबतो. जुलै २०२४ मध्ये गडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले आणि पर्यटक अडकले. नंतर काही काळ पायवाट बंदच ठेवावी लागली. मुले-बाळे, म्हातारी माणसे घेऊन पावसात गडावर जाऊ नये. गड कुठे जात नाही, नोव्हेंबरात तिथेच असतो.

ज्याला यावेच लागते त्याने एवढे करावे. हवामान खात्याचा रंग पाहावा, आणि लाल असेल तर निघू नये. वाटेत एस.टी. स्थानकात चौकशी करावी. घाटातून नुकत्याच उतरलेल्या चालकाइतकी पक्की खबर दुसरीकडे मिळत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि मदतीचा ११२ हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत, कारण मोबाईल भिजतो. महाडात नगरपालिकेचा भोंगा वाजला की गाडी उंच जागी न्यावी. सुकट गल्ली, दस्तुरी नाका या भागात पाणी लवकर येते, तिथे गाडी लावून जेवायला बसू नये. कोरडे कपडे, बॅटरी, बिस्किटे, रोजचे औषध एका प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवावे. घाटात दगड सुटलेले किंवा रस्त्यावर लाल पाणी वाहताना दिसले तर गाडी थांबवून फोटो काढू नये, मागे फिरावे.

कापडवाल्यांसाठी आणखी दोन शब्द. पावसाळ्यात खळीचे सुती कापड ओल धरते आणि त्याला बुरशी येते. गठ्ठा जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. एकदा वास लागलेला तागा धुऊन विकू नये, गिऱ्हाइकाला खरे सांगून कमी दरात द्यावा.

गणपती ते दिवाळी : गर्दी आणि बरकत

पोलादपूरच्या वाड्यांतले कितीतरी पुरुष मुंबईला कामाला असतात. ते गावी येतात गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. म्हणून वाड्यांतला धंदा या तीन वेळांचा. फेरीवाल्यांनी, शिंप्यांनी हे गणित लक्षात ठेवावे. भाद्रपदात आलेल्या माणसाच्या खिशात पैसे असतात, आषाढात घरी असलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईकडे नसतात.

गणपतीच्या आधी काही दिवस महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी येते. ट्रकने माल मागवणाऱ्यांनी तो आठ-दहा दिवस आधीच उतरवून घ्यावा, नाहीतर ट्रक पनवेलला उभा आणि दुकान रिकामे अशी गत होते. कुटुंबासह येणाऱ्यांनी त्या दोन-तीन दिवसांत महामार्गावर येऊच नये.

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, पण दुपारी ऊन करकरते आणि संध्याकाळी गडगडाट होतो. भाताची कापणी चालू असते. कापणी होऊन भात घरात आले की खेड्यातला माणूस बाजाराला निघतो. दसरा ते दिवाळी हा आमचा चांगला हंगाम.

थंडी : पाहुण्यांचा मौसम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आमचा भाग पाहायचा असेल तर हाच काळ. रायगड, पाचाडची जिजाबाईंची समाधी, गंधारपाल्याची लेणी, सव इथला गरम पाण्याचा झरा, पोलादपूर तालुक्यातले तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, चवदार तळे, ही सगळी ठिकाणे बघायला दोन दिवस पुरतात. पहाटे घाटात धुके असते. आठ वाजेपर्यंत थांबून निघावे. महाडात दिवसा स्वेटर लागत नाही, पण घाटमाथ्यावर लागतो. एकाच पिशवीत दोन्ही कपडे असावेत.

गर्दीचे दिवस मात्र ओळखून असावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन्ही तारखांना दुरून लोक येतात. रायगडावर ६ जूनला आणि तिथीने ज्येष्ठात राज्याभिषेकाचा सोहळा असतो. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडात वीरेश्वराचा छबिना असतो. या दिवसांत रस्ते वळवले जातात, लॉज मिळत नाही. खरेदीला किंवा हिशेबाला येणाऱ्याने हे दिवस टाळावेत. खेळणी, टोप्या, चादरी विकणाऱ्या फेरीवाल्याने मात्र जरूर यावे.

कारागिरांसाठीही हाच काळ. गवंडी, सुतार, रंगारी यांचे काम नोव्हेंबर ते मे. गादी-रजई भरणाऱ्यांनी थंडीच्या सुरुवातीला यावे. ओल्या हवेत पिंजलेला कापूस गोळा होतो आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोंड फिरवते.

ऊन : पाणी आणि विंचू

मार्च ते मे. महाड डोंगरांच्या खळग्यात असल्यामुळे वारा कोंडतो आणि पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. समुद्र जवळ आहे म्हणून गार असेल अशी समजूत करून येऊ नये. सकाळी दहाच्या आत आणि असरनंतर कामे उरकावीत, दुपारी दुकानात किंवा मशिदीत टेकावे.

एवढा पाऊस पडणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकर येतात हे ऐकून पाहुण्यांना नवल वाटते. डोंगरउतारावरून पाणी वाहून जाते, खडक ते धरून ठेवत नाही. वाडीत फेरीला जाणाऱ्याने स्वतःचे पाणी सोबत न्यावे. दोन मैलांवरून हंडा आणणाऱ्या बाईकडे वजू-गुसलाएवढे पाणी मागू नये. ती देईल, पण आपण मागू नये.

याच दिवसांत लाल विंचवाचा धोका. गठ्ठ्यावर झोपणाऱ्या, लाकडे-पेंढा हलवणाऱ्या माणसाने विशेष जपावे. चप्पल-बूट झटकून घालावेत, अंथरूण झाडून टाकावे. विंचू चावला तर झाडफूक करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी याच विषयावर इथे राहून संशोधन केले, प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आणला आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, पण वेळ दवडली तर तो कामाला येत नाही.

मे महिन्यात लग्ने, आंबा, फणस, करवंदे आणि मुंबई-आखातातून आलेली कोकणी कुटुंबे. कापडाचा सर्वात मोठा धंदा हाच. या दिवसांत शिंप्याकडे कापड टाकून आठ दिवसांत कपडा मागू नये, महिनाभर आधी द्यावा.

चांदाचे साल आणि पावसाचे साल

आपल्या व्यापाऱ्यांची एक चूक आम्हाला दिसते. आपण धंद्याची आठवण रमजानवरून ठेवतो. "रमजानच्या आधी महाडला जायचे" हे बापाने मुलाला सांगितलेले असते. पण चांदाचे साल सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. २०१५ ची रमजान ईद १८ जुलैला होती, २०१६ ची ७ जुलैला. त्या वर्षी ईदची खरेदी छत्रीखाली झाली. आता ती मार्चच्या सुमारास येते आणि मागे सरकत थंडीत जाईल. २०२५ ची बकरी ईद ७ जूनला, म्हणजे अगदी आगोटीत होती. सुमारे तेहतीस वर्षांत ही फेरी पुरी होते. तेव्हा दरवर्षी नव्याने बसून दोन्ही साले शेजारी शेजारी मांडावीत आणि मग येण्याची तारीख ठरवावी. बापाच्या अनुभवातला सण बरोबर असतो, पण त्याचा मौसम आपल्या वाट्याला येईलच असे नाही.

वसुलीची सफर

आता ज्यासाठी हे सर्व लिहायला बसलो ते सांगतो. पाहुणा हौसेने येतो, त्याला आपण "येऊ नको" म्हणू शकतो. पण आपल्यापैकी कितीतरी जण आपलीच माणसे पावसात घाटात पाठवतो, ती वसुलीसाठी.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही आमच्या दुकानातल्या एका तरुणाला मोटारसायकलवर पोलादपूरच्या वरच्या वाड्यांकडे पाठवले. एका दुकानदाराकडे अठरा हजार रुपये अडकले होते आणि आम्हालाही वरच्या व्यापाऱ्याला पैसे द्यायचे होते. सकाळी उघडीप होती. दुपारी पाऊस आला, येताना त्याच्या पुढ्यात दरड उतरली. मागे फिरला तर ओढा भरलेला. फोन लागत नव्हता. ती रात्र आम्ही दुकानाच्या पायरीवर काढली. त्याने ती वाडीतल्या एका मराठा कुटुंबाच्या घरी काढली. त्यांनी त्याला कोरडे धोतर दिले, चुलीपुढे बसवले, नाचणीची भाकरी दिली आणि सकाळी दोन माणसे सोबत देऊन पलीकडे पोहोचवले. तो दुपारी परत आला आणि त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सात हजार रुपये आमच्या गल्ल्यावर ठेवले.

संध्याकाळी त्याची आई दुकानात आली. आम्ही उठून उभे राहिलो. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "शेठ, पैसे सुके आहेत ना?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही. सात हजारांसाठी आम्ही कुणाचा मुलगा गहाण ठेवला होता, हे त्या एका प्रश्नाने आम्हाला कळले.

तेव्हापासून आमच्या दुकानात एक रिवाज आहे आणि सर्व व्यापारी बंधूंनी तो पाळावा अशी आमची विनंती आहे. पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर वसुलीसाठी कुणीही घाट चढायचा नाही आणि कुणाला चढायला लावायचे नाही. जुना हिशेब आगोटीच्या आधी, दहा जूनपर्यंत मिटवावा. राहिलेला दसऱ्यानंतर. मधल्या काळात ज्याला जमेल त्याने मोबाईलवरून किंवा बँकेतून पाठवावे. ज्याला जमत नसेल त्याला तीन महिन्यांची मोकळीक द्यावी. काही जण म्हणतील, तीन महिने पैसा अडकला तर व्यापार कसा चालेल? आम्ही सांगतो, चालतो. आमचा चालला आहे. उधारी देतानाच हे तीन महिने धरून दिली तर अडचण येत नाही. सवलत मिळालेल्या दुकानदारांपैकी एक-दोघांनी पैसे बुडवले हे खरे आहे. ते बुडवणारे मे महिन्यातही बुडवतातच.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या घाऊक व्यापाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे. पावसाळ्यात आपल्या माणसाला नमुने घेऊन आमच्याकडे पाठवू नका. नमुन्यांचे फोटो पाठवा, आम्ही पसंत करू. हात लावून पाहायचा माल एप्रिलमध्ये दाखवा.

आणि महाड-पोलादपूरच्या आमच्या दुकानदार बंधूंना, हॉटेलवाल्यांना, रिक्षावाल्यांना एक गोष्ट. पाहुणा विचारेल, "रस्ता कसा आहे?" तेव्हा "चालू आहे" एवढ्यावर थांबू नका. वर पाऊस किती आहे, सकाळपासून दरड आली का, पुढे मुक्कामाला जागा कुठे आहे, आणि आम्ही त्याच्या जागी असतो तर निघालो असतो का, हे सांगा. थांबायला सांगितल्यावर तो आपल्याकडे एक जेवण जास्त जेवेल म्हणून नव्हे, तर न सांगता तो पुढे गेला आणि पोहोचला नाही तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल म्हणून. एखादे गिऱ्हाईक जाईल. जाऊ द्या. आमचा अनुभव असा की ज्याला आम्ही जुलैमध्ये "येऊ नका" म्हणालो, तो नोव्हेंबरात कुटुंबासह आला आणि आमच्याच दुकानात आला.

या, जरूर या. महाड-पोलादपूरचे दार पाहुण्यांना कधी बंद नव्हते. फक्त निघण्याआधी एक फोन करा आणि कापडाचा भाव विचारण्यापूर्वी पावसाचा भाव विचारा. तो आम्ही, इन्शाअल्लाह, पुरा तोलून सांगू.